घरगुती ट्रेडमिलची नियमित देखभाल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, डोंबिवली या भागांत ट्रेडमिलच्या दुरुस्तीसाठी घरोघरी जाताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर पडतात, ते उत्तरांसह येथे दिले आहेत. हे लेखन घरी वापरल्या जाणाऱ्या, विजेच्या मोटरवर चालणाऱ्या यंत्रांपुरते आहे. व्यायामशाळेतील यंत्रे दिवसभर चालतात, त्यांची बांधणीही वेगळी असते, म्हणून त्यांचे वेळापत्रक येथे लागू पडणार नाही. आपल्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत याहून वेगळी सूचना असेल, तर पुस्तिकेतील सूचना पाळावी.

ट्रेडमिलला देखभाल लागतेच का? आमची तर दोन वर्षे काहीही न करता चालली.

चालली असेल, पण ती कशाच्या जिवावर चालली हे पाहावे लागेल. ट्रेडमिलचा पट्टा हवेत फिरत नाही. तो एका गुळगुळीत लाकडी फळीवरून घासत जातो आणि आपण प्रत्येक पाऊल टाकतो तेव्हा शरीराचा सगळा भार पट्ट्यासकट त्या फळीवर दाबला जातो. दोहोंमध्ये तेलाचा पातळ थर असेपर्यंत पट्टा सहज सरकतो. थर वाळला की घर्षण वाढते, तोच वेग राखण्यासाठी मोटर जास्त वीज खेचू लागते आणि ती जास्तीची वीज ज्या सर्किट बोर्डातून जाते, तो बोर्ड तापतो. बोर्ड तापल्याचे बाहेरून कळत नाही. एक दिवस यंत्र मधेच बंद पडते, घरात जळका वास येतो आणि आम्हाला फोन येतो, ‘अचानक बिघडली हो!’

अशा घरी गेल्यावर मी मोटरचे झाकण नंतर उघडतो. आधी यंत्राची पिन काढून पट्ट्याखाली मध्यापर्यंत हात सरकवतो. बहुतेक वेळा हात कोरडा ठणठणीत बाहेर येतो आणि बोटांना पेन्सिलीच्या शिशासारखी काळी भुकटी लागलेली असते. ती पट्ट्याच्या अस्तराची आणि फळीवरच्या लेपाची झीज असते. अशा ठिकाणी नुसता नवा बोर्ड बसवून उपयोग नसतो, कारण कोरड्या पट्ट्यावर तोही काही महिन्यांत जातो. बोर्ड हा यंत्रातील सर्वांत महाग सुट्या भागांपैकी एक आणि तेलाची बाटली ही सर्वांत स्वस्त वस्तू, एवढे लक्षात घेतले तर देखभालीचा निम्मा प्रश्न सुटतो.

पट्ट्याखाली कोणते तेल घालावे?

शुद्ध सिलिकॉन तेल, म्हणजे ज्या बाटलीवर शंभर टक्के सिलिकॉन असे लिहिलेले असते ते. खनिज तेलाने पट्ट्याचे रबर आणि अस्तर फुगते व खराब होते, म्हणून शिलाई मशीनचे तेल, गाडीचे ऑइल, ग्रीस किंवा गंज सोडवण्याचा फवारा यांपैकी काहीही पट्ट्याखाली जाऊ देऊ नये. खोबरेल तेलही चालत नाही. कळव्यातील एका घरी आजोबांनी अतिशय निगुतीने, आठवड्याला एकदा, पट्ट्याच्या दोन्ही कडांनी खोबरेल सोडले होते. थंडीत ते थिजले, त्यात धूळ बसली आणि पट्टा उचलला तेव्हा फळीवर खरवडून काढावा लागेल असा पिवळसर थर जमला होता. खवट वासाने खोली भरली होती ती वेगळीच. त्यांची नियमितता मात्र वाखाणण्याजोगी होती. तीच सिलिकॉन तेलाबाबत असती तर मला बोलावण्याची वेळ आली नसती.

तेल किती दिवसांनी आणि किती घालावे?

एकच माणूस रोज अर्धा तास चालत असेल, तर तीन महिन्यांतून एकदा पुरते. घरातील तिघे-चौघे वापरत असतील, कोणी धावत असेल किंवा वापरणाऱ्याचे वजन जास्त असेल, तर महिना-दीड महिन्यातून एकदा पाहावे. मात्र कॅलेंडरपेक्षा बोटावर अधिक विश्वास ठेवावा. यंत्र बंद करून पिन काढावी, पट्ट्याची कड उचलून जिथे पाऊल पडते तिथपर्यंत बोट न्यावे आणि फळीला लावावे. बोट किंचित बुळबुळीत झाले तर तेल शिल्लक आहे. कोरडे राहिले तर घालावे.

एका वेळी १५ ते ३० मिलिलिटर तेल पुरेसे होते. ‘जास्त घातले तर जास्त दिवस टिकेल’ हा हिशेब येथे चुकतो. जादा तेल रोलरपर्यंत, म्हणजे पट्टा ज्यांवर फिरतो त्या पुढच्या-मागच्या दंडगोलांपर्यंत पोहोचते, मग पट्ट्याला पकड राहत नाही आणि तो पायाखाली घसरू लागतो. उरलेले तेल कडांनी बाहेर येऊन धूळ धरते.

तेल घालण्याची नीट पद्धत सांगाल का?

पिन काढल्यानंतर आधी पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी कोरडे सुती फडके आत सरकवून, दोन्ही टोके धरून पुढेमागे ओढावे, म्हणजे फळीवरील भुकटी आणि केस निघून येतात. घरात लांब केसांची माणसे किंवा मांजर असेल तर काय काय निघते, हे एकदा पाहण्यासारखे असते. त्यानंतर पट्ट्याची एक कड उचलावी, बाटलीचे लांब नळकांडे शक्य तितके आत, मध्यरेषेच्या जवळ न्यावे आणि मोटरच्या बाजूने मागच्या दिशेला नागमोडी धार सोडत यावे. पाऊल पडते तो भाग म्हणजे फळीच्या पुढच्या टोकापासून साधारण दोन-तृतीयांश लांबी. तेलाची खरी गरज तिथेच असते, अगदी मागच्या टोकाला फारशी नसते. दुसऱ्या बाजूनेही तसेच करावे.

मग पिन लावून, कोणीही उभे न राहता, यंत्र ताशी ३ ते ४ किलोमीटर वेगाने दोन-तीन मिनिटे चालवावे. त्यानंतर स्वतः त्यावर पाच मिनिटे चालावे आणि चालताना पावले मुद्दाम कधी डावीकडे, कधी उजवीकडे टाकावीत, जेणेकरून तेल पायाच्या दाबाने सगळीकडे पसरेल. कडेने बाहेर आलेले तेल लगेच पुसावे. फरशीवर सांडलेले सिलिकॉन तेल नुसत्या पाण्याने जात नाही आणि त्यावरून माणूस हमखास घसरतो, म्हणून खाली जुने वर्तमानपत्र अंथरलेले बरे.

आमच्या पुस्तिकेत तेल घालू नये असे लिहिले आहे.

मग घालू नये. काही यंत्रांच्या फळीवर कारखान्यातच मेणाचा लेप दिलेला असतो आणि वरून तेल घातल्यास तो लेप बिघडतो. काही यंत्रांत तेलाची छोटी टाकी असते व ते आपोआप सोडले जाते. तिथे टाकीतील पातळी पाहणे एवढेच काम उरते.

पट्टा एका बाजूला सरकतो. तो मध्यावर कसा आणावा?

मागच्या रोलरच्या दोन्ही टोकांना एकेक बोल्ट असतो आणि त्यात बसणारी ॲलन की (षटकोनी टोकाची वाकडी चावी) यंत्रासोबत आलेली असते. ती हरवली असेल तर हार्डवेअरच्या दुकानात मिळते, मात्र बोल्टच्या मापाचीच घ्यावी. ढिल्या चावीने बोल्टचे डोके एकदा गोल झाले की पुढचे काम अवघड होते.

यंत्र ताशी ४ ते ५ किलोमीटर वेगाने रिकामे चालवावे आणि मागे उभे राहून, चालण्याच्या दिशेकडे तोंड करून पाहावे. पट्टा डावीकडे जात असेल तर डावा बोल्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा फिरवावा. उजवीकडे जात असेल तर उजवा. पट्टा घट्ट केलेल्या बाजूपासून दूर सरकतो, हा नियम लक्षात ठेवला की गोंधळ होत नाही. पाव फेऱ्यानंतर हात काढून घ्यावा आणि निदान मिनिटभर थांबावे. परिणाम लगेच दिसत नाही, म्हणून लोक आणखी फिरवतात, मग पट्टा पलीकडे जातो, मग दुसरा बोल्ट पिळतात आणि अर्ध्या तासात दोन्ही बाजू तारेसारख्या ताणल्या जातात. हे काम करताना ओढणी, साडीचा पदर, सैल बाही किंवा मोकळे केस रोलरजवळ जाणार नाहीत याची काळजी घ्यावी.

या कामाला सुरुवात केली तेव्हा मी स्वतः ही चूक केली आहे. एका गृहस्थांचा पट्टा घसरत होता. मी दोन्ही बोल्ट चांगले दोन-दोन फेरे आवळले, पट्टा थांबला, चहा घेऊन निघालो. महिन्याभरात पुढच्या रोलरच्या बेअरिंगने घरघर सुरू केली आणि तो रोलर मला पदरमोड करून बदलून द्यावा लागला. तेव्हापासून पाव फेऱ्याच्या पुढे माझा हात जात नाही.

चालताना पाऊल टाकले की पट्टा क्षणभर अडखळतो. पट्टा ढिला झाला आहे का?

असेलच असे नाही. ट्रेडमिलमध्ये दोन पट्टे असतात : एक आपण चालतो तो, आणि दुसरा मोटरपासून पुढच्या रोलरपर्यंत जाणारा, उभ्या चरांचा अरुंद पट्टा. अडखळणे दोन्हींमुळे होऊ शकते. झाकण काढून, आत हात न घालता, दुसऱ्या कोणाला अगदी हळू वेगावर चालायला सांगून पुढच्या रोलरकडे पाहावे. पाऊल पडल्यावर रोलर फिरत राहिला आणि चालण्याचा पट्टा मात्र थांबला, तर चालण्याचा पट्टा ढिला आहे किंवा त्याखाली तेल जास्त झाले आहे. रोलरही थांबला आणि मोटर फिरत राहिली, तर आतला अरुंद पट्टा घसरतो आहे. रोलर आणि मोटर दोन्ही मंदावत असतील, तर दोष विजेत, मोटरमध्ये किंवा बोर्डात शोधावा लागतो. झाकण उघडे ठेवून यंत्र चालवण्याचा आत्मविश्वास नसेल, तर हे काम कारागिरावर सोडावे.

चालण्याचा पट्टा योग्य ताणलेला असेल तर मध्यभागी त्याची कड हाताने साधारण ५ ते ७ सेंटिमीटर उचलता येते. त्याहून बरीच जास्त उचलली गेली तर दोन्ही बोल्ट सारखेच, पाव-पाव फेरा आवळावेत. कड मुळीच उचलता येत नसेल, तर पट्टा जास्त ताणलेला आहे.

रोजची आणि महिन्याची साफसफाई कशी करावी?

रोजचे काम फार नाही. व्यायाम संपल्यावर हातकठडे आणि पॅनेल कोरड्या फडक्याने पुसावे, कारण घामातील क्षाराने स्क्रू गंजतात आणि बटणांच्या फटींत ओल शिरते. फवारा थेट पॅनेलवर मारू नये; फडके किंचित ओले करून पुसावे. बाहेर घातलेले बूट घालून पट्ट्यावर चढू नये. तळव्यात अडकलेली वाळू पट्ट्याच्या कडेने खाली गेली की ती फळीवर पॉलिश पेपरसारखे काम करते. आठवड्यातून एकदा यंत्राखालचा केर काढावा, कारण मोटरचा पंखा हवा आत ओढतो तेव्हा तिच्याबरोबर फरशीवरची धूळही आत जाते.

तीन-चार महिन्यांतून एकदा मोटरचे झाकण उघडून आतील धूळ काढावी. पिन काढल्यावर निदान दहा मिनिटे थांबावे, कारण बोर्डावरील कपॅसिटरमध्ये काही काळ विजेचा साठा राहतो; त्यानंतरही बोर्डाला हात लावू नये. व्हॅक्यूम क्लीनरची नळी थोड्या अंतरावरून फिरवावी आणि मऊ ब्रशने कोपरे मोकळे करावेत.

बाल्कनीत ट्रेडमिल आणि तिच्या शेजारी घरघंटी, अशी जोडी मी इतक्या घरांत पाहिली आहे की त्याबद्दल वेगळे सांगावेसे वाटते. पिठाची पूड अतिशय बारीक असते, ती मोटरमध्ये बसते, पावसाळ्यात ओल धरते आणि वर मुंग्या व झुरळांना आमंत्रण देते. झुरळांच्या मागे पाल येते. बोर्डाच्या दोन टोकांवर आडवी होऊन करपलेली पाल मी एकाहून अधिक वेळा चिमट्याने काढली आहे. पालीचे प्राण गेले आणि यजमानांचा बोर्ड. शक्य असल्यास दोन्ही यंत्रे वेगळ्या ठिकाणी ठेवावीत. उंदरांचा त्रास असलेल्या घरांत वायर कुरतडलेली नाही ना, हे झाकण उघडाल तेव्हा पाहून घ्यावे.

पावसाळ्यात वेगळी काय काळजी घ्यावी?

कोकणपट्टीत आणि मुंबई परिसरात जून ते सप्टेंबर हा यंत्राच्या परीक्षेचा काळ असतो. फळी लाकडाच्या भुश्यापासून दाबून केलेली असते. तिच्या कडेने पाणी शिरले की ती फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. त्यामुळे खिडकीतून पावसाचे शिंतोडे येतील अशा जागी यंत्र ठेवू नये. वापर नसला तरी दोन-तीन दिवसांतून एकदा पाच-दहा मिनिटे चालवावे, म्हणजे मोटरच्या उबेने आतील ओल सुकते आणि बेअरिंग मोकळी राहतात. झाकायचे असेल तर जुनी सुती चादर घालावी. प्लॅस्टिकखाली ओल कोंडते.

आणि पावसाळ्यात ट्रेडमिलवर कपडे वाळत घालू नयेत. हे वाचून हसू येईल, पण ओल्या जीन्समधून ठिबकणारे पाणी पॅनेलच्या फटीतून आत जाते आणि बटणे आपोआप दाबली जाऊ लागतात.

विजेच्या जोडणीबद्दल काय पाहावे?

एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे दोन अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराला सुमारे दीड किलोवॅट वीज घेते. तिला मिक्सरच्या लहान सॉकेटवर किंवा बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावणे धोक्याचे आहे. १६ अँपिअरचे तीन पिनांचे सॉकेट असावे, त्याच सॉकेटवर गीझर किंवा इस्त्री नसावी आणि अर्थिंग चालू असल्याची वायरमनकडून खात्री करून घ्यावी. पॅनेलला किंवा कठड्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर यंत्र त्या क्षणी बंद करावे आणि अर्थिंग तपासल्याशिवाय पुन्हा लावू नये. हिवाळ्यातील कोरड्या हवेत कधीतरी बसणारा एकच चटका बहुधा स्थिर विजेचा असतो. सतत येणारी झिणझिणी मात्र वीजगळतीची असू शकते.

व्होल्टेज खालीवर होत असेल तर मोटरच्या क्षमतेला पुरेल असा स्टॅबिलायझर घ्यावा. फ्रिजचा लहान स्टॅबिलायझर येथे चालत नाही. घरातील इन्व्हर्टरवर ट्रेडमिल चालवू नये. वीज वारंवार जाणाऱ्या भागात यंत्र वापरून झाल्यावर सॉकेटचे बटण बंद ठेवावे, कारण वीज परत येताना येणारा झटका थांबलेल्या यंत्राच्या बोर्डालाही बसतो.

यंत्र सुरू होते, काही सेकंद चालते आणि पॅनेलवर एरर दाखवून थांबते.

बऱ्याचदा दोष वेग मोजणाऱ्या सेन्सरमध्ये निघतो. पुढच्या रोलरच्या चाकावर एक छोटा चुंबक असतो आणि त्याच्यासमोर, काही मिलिमीटर अंतरावर, सेन्सर बसवलेला असतो. चुंबक पडला, सेन्सर हलला किंवा त्याचा प्लग सैल झाला, तर पट्टा फिरत असूनही बोर्डाला तो थांबल्यासारखा वाटतो आणि बोर्ड सुरक्षेसाठी मोटर बंद करतो. एररच्या क्रमांकाचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा असतो, म्हणून दुसऱ्या यंत्राची यादी पाहून बोर्ड मागवू नये.

कोणता आवाज चिंतेचा समजावा?

पट्ट्याच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येणारा हलका ‘टप’ आवाज सांध्याचा असतो आणि तो बहुधा निरुपद्रवी असतो. वेग वाढेल तशी वाढणारी घरघर बेअरिंगची असते. खालच्या मजल्यावरून तक्रार येत असेल तर यंत्राचे चारही पाय फरशीला टेकले आहेत का पाहावे; एक पाय अधांतरी असला तर यंत्र डुगडुगते आणि पट्टाही सरकतो. खाली जाड रबरी चटई घालावी. मोटरपाशी ठिणग्या आणि काळी पूड दिसली तर कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजले आहेत, ते जोडीनेच बदलावेत. जळका वास आल्यास मात्र आवाजाची वाट पाहू नये, पिन काढावी.

हळू चालल्याने मोटरवर कमी ताण येतो, हे खरे का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. डीसी (एकदिश विजेवर चालणारी) मोटर अगदी कमी वेगाने फिरताना तिच्यावर वजनदार माणसाचा भार आला की ती जास्त प्रवाह घेते आणि तिचा पंखाही हळू फिरत असल्यामुळे उष्णता बाहेर जात नाही. वजनदार व्यक्तीने ताशी दीड-दोन किलोमीटर वेगाने तासभर चालण्यापेक्षा ताशी चार-पाच किलोमीटरने अर्धा तास चालणे यंत्राला सोपे जाते. प्रकृतीमुळे हळूच चालायचे असेल, तर मधे मधे यंत्र थांबवावे आणि तेलाकडे अधिक लक्ष द्यावे. चढ दिल्यानेही मोटरवरचा भार वाढत नाही, उलट शरीराचे वजन पट्ट्याला मागे ढकलते. दम वाढतो तो आपला.

घरात लहान मुले आहेत. कोणती खबरदारी घ्यावी?

वापर झाल्यावर सेफ्टी की (दोरीने कपड्याला अडकवायची, ओढली गेली की पट्टा थांबवणारी चावी) काढून मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी आणि सॉकेट बंद करावे. दर महिन्याला एकदा, हळू वेगात, की ओढून पट्टा थांबतो का हे पाहावे. की पॅनेलला दोरा लावून बांधून ठेवण्याची सवय अनेकांना असते, त्याने तिचा हेतूच संपतो. यंत्राच्या मागे भिंतीपर्यंत निदान दीड-दोन मीटर जागा मोकळी ठेवावी. पट्टा मागच्या रोलरखाली शिरतो ती फट सर्वांत धोक्याची असते. मे २०२१ मध्ये अमेरिकेत पेलोटन कंपनीने ‘ट्रेड प्लस’ या प्रकारातील सुमारे सव्वा लाख यंत्रे परत बोलावली, ती मुले आणि पाळीव प्राणी मागून यंत्राखाली ओढले गेल्यामुळेच. त्यात एका बालकाचा मृत्यू झाला होता.

मुलाने अमेरिकेतून परत येताना ट्रेडमिल सामानात आणली आहे. ती येथे चालेल का?

तिकडील घरगुती वीज १२० व्होल्टची, आपल्याकडील २३० व्होल्टची. यंत्राच्या पाटीवर केवळ १२० व्होल्ट लिहिले असेल तर ते थेट लावताच बोर्ड जाईल. पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येते, पण तो जड असतो, जागा घेतो, आणि पुढे सुटे भाग मिळणे हीच खरी अडचण ठरते.

वार्षिक देखभाल करार करावा का?

वर म्हटलेली कामे आपण स्वतः करणार असाल तर बहुधा गरज नाही. करणार नसाल तर करावा, मात्र वर्षातून किती फेऱ्या, तेल कोणाचे, बोर्ड आणि मोटर धरली आहे की नाही, हे आधी लिहून घ्यावे. आलेला माणूस पट्टा न उचलता नुसते बाहेरून पुसून सही मागत असेल, तर सही करू नये. चालण्याचा पट्टा बदलायची वेळ आली, म्हणजे कडांचे धागे सुटले किंवा खालचे अस्तर चकचकीत झाले, तर त्याच वेळी फळीही बघायला सांगावी. काही यंत्रांत ती उलटी करून दुसरी बाजू वापरता येते.

दोन-तीन महिने गावी जाणार आहोत. यंत्र कसे ठेवून जावे?

जाण्याआधी फळी पुसून तेल घालावे आणि पाच मिनिटे चालवावे. पिन काढावी, वायर गुंडाळून फरशीपासून वर ठेवावी, सेफ्टी की कपाटात ठेवावी. यंत्र घडीचे असेल तर उभे करून खटका नीट बसल्याची खात्री करावी. परत आल्यावर लगेच त्यावर चढू नये. झाकणाखाली एकदा नजर टाकून, यंत्र रिकामेच हळू वेगाने पाच मिनिटे चालू द्यावे आणि पट्टा मध्यावर आहे ना ते पाहावे.